कोपऱ्यातली दिलगिरी

३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्ता तुझ्या नेपथ्यवाल्या मित्राकडून काढला. द्यायला तयार नव्हता. म्हणाला, त्याने मला शपथ घातलीय. मी म्हटलं, तुला घातलीय ना, मला कुठे? मग दिला. वर हेही सांगितलं की तू आता लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत सूचना लिहितोस. दार पूर्ण उघडल्याशिवाय आत पाऊल टाकू नका, आग लागल्यास जिन्याचा वापर करा, तसल्या. बाबांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे एका वाक्याला एकच अर्थ? बिचारा." आणि लगेच बातम्या मागितल्या. मला मात्र तुझा हेवा वाटला. खरंच सांगते.

घाबरू नकोस, बाबा बरे आहेत. हिवाळ्याच्या सुरुवातीला एक झटका येऊन गेला, उजवा हात तेवढा रुसलाय. तोंड शाबूत आहे, हे सांगायला नको. आपल्या पेपरच्या पहिल्या पानाचा उजवा खालचा कोपरा अजून त्यांचाच आहे. तीच दोन ओळींची चौकट, तीच 'कोपरखळी', रोजच्या रोज. फरक इतकाच, की आता ते सांगतात आणि मी लिहून घेते. दुपारी डेस्कवर जायला निघण्याआधी मी पाठकोरा कागद घेऊन त्यांच्या खुर्चीसमोर बसते, दिवसाच्या बातम्या वाचून दाखवते आणि ते डोळे मिटून शब्द चघळत राहतात. परवा सलूनवाल्यांचा संप मिटला. बाबांनी डोळे उघडले. 'संप शांततेत पार. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.' ऑफिसात पानं लावणारे काका खुर्चीत मागे रेलून हसले. मी नाही हसले.

मला हल्ली हसू येतच नाही रे. इतकी वर्षं मथळे लिहून डोकं असं झालंय, की कुठलाही शब्द समोर आला की आधी तो उलटा करून बघते, खाली काही चिकटलंय का म्हणून. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, दुखणं अजून हाताबाहेर गेलेलं नाही. ते काय सांगतायत हे कळायच्या आधी मला त्यातला हात दिसला. आणि बाजूला बाबा पलंगावर पडल्या पडल्या गालात हसत होते, त्यांनाही तोच दिसला होता. अशा वेळी मला दोघांचीही कीव येते, त्यांची आणि माझी.

आईचं आठवतं का? बाबा काहीही बोलले की ती हातातलं काम थांबवून विचारायची, "यात काही आहे का?" ते 'आहे' म्हणाले की वाक्य मनात घोळवायची, सापडलं की हसायची. 'नाही' म्हणाले की सरळ अर्थ घ्यायचा. घरचा कायदाच होता तो. बाबा नुसतं "आज दिवे गेलेत" म्हणाले तरी आपण दोघं एका सुरात विचारायचो, यात काही आहे का? आता विचारणारी मी एकटीच उरलेय.

एक गोष्ट सांगायची होती. राहू दे, पुढच्या पत्रात. हे पोचलं एवढं तरी कळव.

ताई


११ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तू कळवलं नाहीस. ठीक आहे. मग मीही आडपडदा न ठेवता सांगून टाकते.

पेपरचा वर्धापनदिन एक मार्चला आहे. आमच्या संपादकांच्या डोक्यात आलं, की वाचकांना विचारायचं, तुमच्या लक्षात राहिलेली 'कोपरखळी' कोणती? जिला सगळ्यात जास्त पसंती, ती पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत, बाबांच्या फोटोसकट. मला वाटलं, नळाची येईल. ती रे, 'नळाचं पाणी गेलं, आता पालिकेच्या तोंडचं पळालं.' किंवा शिंप्यांच्या सभेची, 'सभेत सर्वांनी एकमेकांची मापं काढली.' लोक ती अजून घोकतात.

आली तुझी. इतर सगळ्या मिळून तिच्या अर्ध्यालाही पोचल्या नाहीत.

'तीन अंकी नाटक, बेरीज शून्य.'

तुला ती आठवण करून देणारी मी कोण, असं म्हणशील. पण आठवण करून द्यायला ती विसरली जायला हवी ना. मलाच सगळं कालच्यासारखं दिसतं. तू पेपर हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. आदल्या संध्याकाळी तुझ्या पहिल्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसलेले बाबा, सकाळी तुझ्याकडे न बघता चष्मा पुसत होते. त्यानंतरचा प्रयोग रिकामा गेला, तिसरा झालाच नाही. बस-थांब्यावर कोणीतरी तुला 'ओ शून्य' म्हणून हाक मारली आणि तू त्याच्या अंगावर धावून गेलास. बाबांचं एकच पालुपद. मी नाटकावर लिहिलं, माणसावर नाही. त्यांचे नियम तुला पाठ आहेतच. कुणाच्या नावावर कोटी नाही, शरीरावर नाही, मरणावर नाही. नाटक त्या यादीत नव्हतं. जाताना तू त्यांना म्हणालास, "तुम्हाला ओळ हवी होती, मुलगा नको होता." त्या दिवसापासून तुझा विषय निघाला की ते बातम्या मागतात.

मी संपादकांच्या केबिनमध्ये गेले. सांगितलं, ही छापू नका. ते म्हणाले, "अहो, हेच तर थोरपण. पोटच्या पोरालाही सोडलं नाही." मी म्हटलं, पोराने घर सोडलं त्याचं काय? ते जरा ओशाळले. पण वाचकांनी निवडलीय, आता मागे कसं फिरायचं, असं म्हणून त्यांनी चेंडू माझ्याकडे टोलवला. बाबा स्वतः नको म्हणाले तर नाही छापणार.

म्हणजे आता मला बाबांशी त्या ओळीविषयी बोलणं आलं. तू गेल्यापासून मी ते टाळत आलेय. खूप थकल्यासारखं झालंय रे.

ताई


१९ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

बोलले.

मुद्दाम त्यांची दाढी करताना विषय काढला. तोंडाला साबण असला की त्यांना कोटी करता येत नाही. पाठीमागून, आरशात न बघता, सगळं सांगितलं. वर्धापनदिन, वाचकांची निवड, फोटो, मोठी अक्षरं. त्यांनी हलायचं थांबवलं. मी एक गाल पुरा केला. मग डाव्या हाताने खूण करून ते म्हणाले, "पूस." मी तोंड पुसलं.

आता जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते. माझ्या पदरचं एक अक्षर नाही.

"ओळ आधीची आहे," म्हणाले. "तो तालमी करत होता तेव्हाची. जेवताना म्हणाला, नाटक तीन अंकी आहे, आणि मला सुचली. खिशात घेऊन फिरत होतो."

मी विचारलं, नाटक बघायच्या आधी?

"चौकट दुपारीच द्यायची असते. प्रयोग संध्याकाळी. दिली आणि मग गेलो."

"कसं होतं नाटक?"

"चांगलं होतं. दुसऱ्या अंकात तो म्हातारा रिकाम्या खुर्चीशी बोलतो, तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"मग पान थांबवायचं होतं, बाबा."

"हो. बाहेर येऊन फोनपर्यंत गेलो होतो." डाव्या हाताने त्यांनी न केलेला गाल चाचपला. "पण ओळ जमली होती गं."

धाकट्या, मला त्यांना तसंच अर्ध्या दाढीचं सोडून निघून जावंसं वाटलं. इतका राग मला त्यांचा कधी आला नव्हता. तू त्यांचा निकाल समजून ती ओळ उराशी धरून बसलास. तुला वाटलं, त्यांनी नाटक बघितलं, तोललं आणि फेकून दिलं. म्हणून तर लिहिणं सोडलंस ना? लोकांच्या हसण्याला तू भीक घालणारा नव्हतास. आणि निकाल बिकाल काही नव्हताच. नाटक पडायच्या आधी ओळ तयार होती, आणि नाटक चांगलं निघालं तरी ओळ फेकवेना. डेस्कवर आमचं सगळ्यांचं असं होतं. मथळा आधी सुचतो आणि मग बातमीने त्याच्या मापाचं व्हावं असं वाटत राहतं. पण मुलाच्या बाबतीतसुद्धा?

गेले नाही निघून. उरलेली दाढी केली.

दुपारी त्यांनी कागद घ्यायला सांगितला. बातम्या नकोत म्हणाले. वर्धापनदिनाला त्यांच्या कोपऱ्यात 'कोपरखळी' ऐवजी 'दिलगिरी' छापायची, पेपर चुकीच्या बातमीसाठी छापतो तशी. सांगायला त्यांना दुपार पुरली नाही. दर वाक्याला अडायचे. एका शब्दाला दुसरा अर्थ निघतो म्हणून तो खोडायला लावायचे, नवा सांगायचे, त्यालाही निघायचा. 'उतरलेलं नाटक' म्हणायचं होतं, खोडलं. 'रंगलेलं' म्हणाले, खोडलं. शेवटी घामेघूम होऊन म्हणाले, "नुसतं 'चांगलं' लिही. चांगल्याला काही निघत नाही." हे बाबा बोलतायत यावर माझा विश्वास बसेना.

झाल्यावर मी सवयीने विचारलं, यात काही आहे का? ते म्हणाले, "काही नाही."

तू हे वाचतोयस की पाकीट न फोडताच ठेवतोयस?

ताई


२ मार्च

प्रिय धाकट्या,

कात्रण सोबत आहे. तरीही इथे उतरवते, कात्रणं हरवतात.

'दिलगिरी. या कोपऱ्यात पूर्वी एका तीन अंकी नाटकाविषयी एक ओळ छापली होती. ती नाटक पाहण्याआधी लिहिली होती. नंतर नाटक पाहिले. ते चांगले होते. ओळ मागे घेता आली असती. घेतली नाही, कारण ती जमली होती. नाटक लिहिणाऱ्याची मी माफी मागतो. तो माझा मुलगा आहे.'

बस. मोठी अक्षरं नाहीत, फोटोही बाबांनी गाळायला लावला.

संपादकांनी हे छापलं कसं, असं तुला वाटेल. मलाही वाटलं होतं की अडवतील. त्यांनी दोनदा वाचलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "यात काही आहे ना?" मी म्हटलं, काही नाही, सरळ माफी आहे. त्यांनी डोळा मिचकावला. "बरं बरं, नाही तर नाही." आणि सही करून टाकली. मी पुढे काही बोलले नाही. बोलले असते तर छापलं नसतं.

काल सकाळपासून फोन वाजतोय. पहिला फोन निवृत्त हेडमास्तरांचा, आपल्या शाळेच्या. त्यांनी प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर काढून शब्द जुळवायचा प्रयत्न केला होता. जुळत नव्हता, म्हणून मदत मागत होते. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला तर सगळं कळलंच होतं. म्हणे, नाटक म्हणजे नगरपालिकेची सभा, तीन अंकी म्हणजे तो तिघांचा चौकशी आयोग, आणि मुलगा म्हणजे नगराध्यक्षांचा मुलगा, ज्याला कंत्राट मिळालं. "सरळ माफीच्या वेशात काय चपराक हाणलीय तुमच्या वडिलांनी," म्हणाला. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने तोच अर्थ लावला. नगराध्यक्षांनी खुलासा पाठवलाय. संपादक खुशीत आहेत, इतक्या वर्षांत असा अंक खपला नव्हता म्हणतात. पानं लावणाऱ्या काकांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, मला एकट्याला सांग ना, काय आहे त्यात?

मी प्रत्येकाला तेच सांगत होते, काही नाही हो, माफी आहे. जितकं सांगावं तितके लोक हसत होते.

बाबांनी दिवसभर फोन ऐकले. मी फोन ठेवला की विचारायचे, कोण होतं, काय म्हणाले. सुरुवातीला मी खरं सांगितलं. मग म्हणायला लागले, वाचक होते, आवडलं म्हणाले. ते ओळखून गेले. आयुष्यभर ज्या 'वा'साठी बसले, तो 'वा' कालचा दिवसभर येत होता, आणि ते भिंतीकडे तोंड करून पडले होते.

संध्याकाळी एवढंच बोलले. "त्याला तरी कळेल का? तोही याच घरातला."

मी म्हटलं, कळेल. मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. म्हणून तुला हात जोडून सांगते, तू रोज जी वाक्यं लिहितोस, आग लागल्यास जिन्याचा वापर करा, तसं हे वाच. उलटं करून बघू नकोस. आमच्यासारखं वाचू नकोस.

ताई


७ मार्च

धाकट्या,

पहिल्या पत्रात खोटं लिहिलं होतं. बाबा बरे नव्हते. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की दुसरा झटका येईल आणि पहिल्यासारखा सोडून देणार नाही. तू दयेने यावंस असं मला नको होतं, म्हणून लिहिलं नाही.

तो दुसरा झटका परवा आला. जीव वाचला. वाचा गेली.

समजतं सगळं. नजर स्वच्छ आहे. पण तोंडातून आवाज येतो तो शब्दाचा नसतो. मला बघवत नाही. नर्स उशी नीट करताना म्हणाली, आजोबा एकदम शांत आहेत हो, काही त्रास देत नाहीत. मी बाहेर जाऊन जिन्यात बसले आणि पोटभर रडले.

आईचा शेवटचा आठवडा मला फार आठवतोय. बाबा तिला म्हणाले होते, तू बरी होशील. तिने डोळे उघडून विचारलं होतं, यात काही आहे का? ते 'नाही' म्हणाले. तिने मानलं की नाही, कोण जाणे.

संपादक भेटायला आले होते. कोपरा तुम्ही चालवा म्हणाले, नाव त्यांचंच राहू दे. मी नाही म्हटलं. इतकं सरळ 'नाही' मी आयुष्यात कुणाला म्हटलं नसेन. आता त्या कोपऱ्यात तापमान छापतात, कमाल आणि किमान. मी ते बाबांना वाचून दाखवते. दुसरं काय वाचू?

तू काही तरी कळव. रागाचं कळव. शिवी लिहून पाठव. मला इथे दोघांच्या मध्ये उभं राहून पाय दुखायला लागलेत.

ताई


१६ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं कार्ड आज आलं.

दवाखान्यात जायच्या गडबडीत दारातच वाचलं. ना मायना, ना सही. कार्डाच्या मधोमध तुझ्या त्या तिरक्या अक्षरात एकच ओळ: यात काही आहे का?

आधी मला तुझा राग आला. इतकी पत्रं लिहिली, आणि हेच विचारायचं होतं? मग बसमध्ये बसल्यावर उमगलं. असं कोण विचारतं? ज्याला सरळ अर्थ घ्यायचाय तोच विचारतो. संपादकांनी 'आहे ना?' म्हणून डोळा मिचकावला. किराणावाल्याने विचारलं नाही, सांगितलं. गावात कुणीही आईसारखं विचारलं नाही. तू विचारलंस.

बाबा उशीला टेकून बसले होते. मी सांगितलं, त्याचं कार्ड आलंय. त्यांनी डावा हात पुढे केला. मी कार्ड त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. अक्षर ओळखलं त्यांनी, ओठ हलायला लागले. मी म्हटलं, बाबा, बोलू नका, मी त्याच्या वतीने विचारते. नुसती मान हलवा. त्या दिवशीच्या दिलगिरीत काही आहे का?

त्यांनी मान हलवली. नाही.

मला वाटलं, मानेचा झटका असेल. डॉक्टर म्हणाले होते, होतं तसं. म्हणून पुन्हा विचारलं, काहीच नाही? त्यांनी माझ्याकडे बघत, सावकाश, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मान हलवली. मग कार्ड मागून घेतलं आणि छातीवर पालथं ठेवलं. परत दिलं नाही. मी निघाले तेव्हाही त्यावर हात होता.

एवढंच तुझ्या प्रश्नाचं उत्तर. त्यांच्याकडे द्यायला आता दुसरं काही नाही. वॉर्डात भेटायची वेळ दुपारी असते, पण मी नर्सला सांगून ठेवलंय, माझा भाऊ येईल, तो येईल तेव्हा सोडा.

तू ये. यात काही नाही.

ताई